पाणबुड्याची नवार

नवार हा शब्द आजच्या तरुण पिढीच्या कानांवरून फारसा जात नाहीं. ज्यांचें बाळपण मोठ्या कुटुंबांत गेलें त्यांस मात्र नवारीचा पलंग, उन्हाळ्यांत तो अंगणांत काढून सैल पडलेली नवार ओढून बसविण्याचा सोहळा, आणि ओढणाऱ्यांपैकीं एकाचा हात निसटला कीं दुसऱ्याची होणारी फजिती, हें सर्व आठवत असेल. दोन-तीन इंच रुंद, जाड विणीची, सुती अशी ही पट्टी. तिच्यावर थोरल्यांनीं पाठ टेकावी आणि धाकट्यांनीं उड्या मारून बोलणीं खावीं, एवढाच तिचा संसार. हीच नवार, केवळ धागा बदलून, समुद्राच्या तळाशीं माणसाच्या पाठीवर हवेचा सिलिंडर धरून ठेवण्याचें काम करते, आणि ती कशी निवडावी हा प्रश्न एके दिवशीं आमच्याच घराच्या ओटीवर येऊन पडेल, असें कोणी दहा वर्षांपूर्वीं सांगितलें असतें तर आम्हीं तें थट्टेवारी नेलें असतें.

झालें असें. आमच्या वडील बंधूंची नात प्राणिशास्त्राची पदवीधर असून समुद्रांतील प्रवाळांची पाहणी करण्याच्या कामाकडे तिचा ओढा आहे. मालवणजवळ तारकर्ली येथें महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची बुडी मारण्याचें शिक्षण देणारी संस्था आहे. तेथें ती रीतसर शिकली. मुलीनें समुद्राच्या तळाशीं जाण्याचें कारणच काय, असा सूर घरांत एका बाजूनें निघाला होताच. परंतु तिची आजी, म्हणजे आमच्या वहिनी, यांनीं निवाडा दिला कीं शिकविणारे जबाबदार असतील तर मुलगी जाईल. मात्र अंगावर काय बांधून जाते तें आपण एकदां डोळ्यांखालून घालूं. त्या वेळीं आम्ही सर्वच हंसलों. पुढें हंसण्याचें कारण उरलें नाहीं.

विषय घरगुती नसल्यामुळें थोडी ओळख करून देणें प्राप्त आहे. १९४३ सालीं फ्रान्समध्यें जाक-ईव्ह कुस्तो हे आरमारी अधिकारी आणि एमील गान्यां हे इंजिनियर या उभयतांनीं, श्वासाबरोबर हवी तेवढीच हवा, आणि तीही भोंवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबानें, पुरविणारें यंत्र सिद्ध केलें. तेव्हांपासून माणूस किनाऱ्यावरून येणाऱ्या नळीच्या बंधनांतून सुटून पाण्यांत स्वैर हिंडूं लागला. परंतु हवेचा सिलिंडर पाठीवर स्थिर राहिला पाहिजे, म्हणून बांधणी आली. तिला हार्नेस म्हणतात. घोड्याच्या साजासही इंग्रजींत हाच शब्द आहे, आणि घोड्याच्या बाबतींत जें खरें तेंच येथेंही खरें: साज नीट बसला नाहीं तर ओझ्यापेक्षां साजच अधिक जाच करतो.

नवशिक्यांस बहुधा तयार शिवलेलें जाकीट देतात. त्यांत पट्टे कारखान्यांतच बसविलेले असतात व निवडीचा प्रश्न येत नाहीं. परंतु जे पुढें जाऊन आपलें सामान आपण जुळवितात त्यांच्यांत एक निराळी रीत रूढ आहे. उत्तर फ्लॉरिडामध्यें चुनखडीच्या खडकांत पाण्यानें भरलेल्या लांबच लांब गुहा आहेत. त्या गुहांत शिरणाऱ्या पाणबुड्यांनीं ही रीत घडविली, आणि त्यांपैकीं विल्यम होगार्थ मेन यांच्या मधल्या नांवावरून ती होगार्थी म्हणून ओळखली जाते. पाठीवर पोलादाचा किंवा ॲल्युमिनियमचा एक वांकविलेला पत्रा. त्यास खांचा पाडलेल्या. आणि त्या खांचांतून ओंवलेली दोन इंच रुंदीची सलग एकच पट्टी. ती कमरेच्या एका अंगानें निघते, पत्र्याच्या खालच्या खांचेंतून काखेखालून खांद्यावर चढते, मानेमागें वरच्या खांचांतून पलीकडे जाते, दुसऱ्या खांद्यावरून उतरून पुन्हां कमरेस येते, आणि पोटावर एका बक्कलानें तिचीं दोन्ही टोंकें जोडलीं जातात. दुसरा लहान तुकडा कासोट्याप्रमाणें मागून पुढें घेऊन कमरपट्ट्यांत अडकवितात. मुख्य पट्टीस शिवण नाहीं कीं प्लास्टिकची कडी नाहीं. कारण जेवढे सांधे तेवढ्या मोडण्याच्या जागा. इंग्रजी डी अक्षराच्या आकाराच्या पोलादी कड्या, बहुधा पांच, ठिकठिकाणीं बसवितात, आणि पट्टीवरची कडी जागची हलूं नये म्हणून तिच्याबरोबर तीन दांड्यांची एक चपटी चौकट ओंवतात. त्या चौकटींत पट्टी वर-खालीं वळसे घेत जाते व त्या वळशांच्या घर्षणानेंच कडी टिकते. खिळा नाहीं, टांका नाहीं. वाचकांनीं एवढी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुढील सारा मजकूर तिच्यावर उभा आहे.

आमच्या नातीनें पत्रा, कड्या, बक्कल हें सामान चांगल्या ठिकाणाहून मागविलें. पट्टीवर मात्र काटकसर केली. दोन इंची काळी पट्टी काय, कोठेंही मिळते, अशा समजुतीनें तिनें दप्तरांचे व प्रवासी पिशव्यांचे पट्टे विकणाऱ्या एका दुकानांतून ती घेतली. रंग तोच, रुंदी तीच. दुकानदारानें फसविलें असें म्हणतां येत नाहीं. त्याच्याकडे पिशवीचा पट्टा होता, तो त्यानें दिला.

गेल्या मार्गशीर्षांत आम्ही कांहीं मंडळी तिच्याबरोबर मालवणास गेलों होतों. सिंधुदुर्गाच्या तटाकडे पाहत आम्ही होडींत बसलों, आणि ती आपल्या सोबतिणीबरोबर पाण्यांत उतरली. सिलिंडरांत हवा किती उरली हें दाखविणारा दाबमापक डाव्या कमरेच्या कडीस अडकविलेला असतो. पाणबुड्यानें न पाहतां हात खालीं न्यावा आणि तो हातास लागावा, अशी ती योजना. दहा-बारा मीटर खोलीवर तिनें हात नेला, तर तेथें कडीच नव्हती. पट्टी पातळ व गुळगुळीत, त्यांतून भिजलेली. चौकटीनें तिला धरलें नाहीं, आणि प्रत्येक वळणाबरोबर थोडी थोडी सरकत कडी दाबमापकासह पाठीमागें सिलिंडराच्या आड जाऊन बसली होती. तिनें दोन-तीनदां चांचपून पाहिलें. अशा वेळीं श्वास जलद होतो, आणि श्वास जलद झाला कीं हवा जलद संपते. शेवटीं तिनें सोबतिणीस खूण केली. तिनें मागून दाबमापक सोडवून पुढें धरला. परत फिरण्याची ठरलेली मर्यादा ७० ची होती. कांटा ४५ वर आला होता. दोघीजणी शिकविल्याप्रमाणें सावकाश वर आल्या, पांच मीटरवर तीन मिनिटें थांबल्या, आणि सुखरूप होडीस लागल्या. हें सर्व तिनें आम्हांस होडींत बसल्यावर सांगितलें, आणि तेंही तिचा चेहरा पाहून आम्हीं विचारलें तेव्हां.

तिच्या पिशवींत त्या पट्टीचा उरलेला तुकडा होता. होडीच्या तांडेलानें तो मागून घेतला, बोटांत चुरगाळला, आणि पाण्यांत टाकला. तुकडा बुडाला नाहीं. "ह्यो पट्टो पाण्यार तरंगता, बघा," एवढेंच तो म्हणाला. त्या माणसाचा जन्म जाळ्यांत व दोरांत गेलेला. जाळ्याच्या वरच्या कडेचा तरंगणारा दोर कोणता आणि बुडणारा कोणता हा भेद त्याच्या बोटांस ठाऊक. पुस्तकांतून हीच माहिती मिळविण्यास आम्हांस पुढें आठ दिवस लागले.

वाईस परतल्यावर प्रकरण वहिनींपुढें गेलें. त्यांचें वय ब्याऐंशी. घरांतले आठही पलंग एके काळीं त्यांच्या देखरेखीखालीं विणले जात. त्यांनीं पट्टी दुमडली, नखांत धरून ओढली, मुठींत दाबून सोडली. मग म्हणाल्या, "भाऊजी, ही नवार नव्हे, नाडी आहे. नाडी सरकावी म्हणूनच विणतात. नवार ताणून बसवायची असते, ती सरकून कसें चालेल?"

वहिनींचें हें म्हणणें आम्हांस तेव्हां पुरतें उमगलें नाहीं. कोणाही सुशिक्षित माणसाप्रमाणें आमचा पहिला प्रश्न होता कीं पट्टी भार किती सोसते? म्हणून हिशेब मांडला. सर्रास वापरांतला ॲल्युमिनियमचा सिलिंडर रिकामा असतां सुमारें १४ किलोंचा. त्यांत कोंडलेली हवा आणखी अडीच-पावणेतीन किलो. पोलादी पत्रा अडीच-तीन किलो. बाकीचें सामान धरून किनाऱ्यावर पाठीवरचें ओझें २० ते २५ किलो. जाड विणीची दोन इंची नायलॉनची पट्टी तुटावयास दोन हजार किलोंच्या वर ताण लागतो. ती पिशवीची पट्टीही कांहीं शें किलो सहज सोशील. उद्यां बेशुद्ध माणसास सामानासकट पट्टीस धरून होडींत ओढावें लागलें तरी भार शंभर-सव्वाशें किलोंच्या फारसा पलीकडे जावयाचा नाहीं. म्हणजे ज्या प्रश्नावर आम्हीं दोन संध्याकाळी घालविल्या त्यांत अर्थच नव्हता.

आणि पाण्यांत गेल्यावर तर ओझें नाहींसेंच होतें. तोच सिलिंडर भरलेला असतां समुद्रांत जेमतेम पाऊण किलो भरतो, आणि हवा संपत आली म्हणजे उलट दीड-दोन किलोंच्या जोरानें वर जाऊं पाहतो. शाळेंत आर्किमिडीजचा सिद्धांत पाठ केलेला असूनही ही गोष्ट आम्हांस सुचली नव्हती. जमिनीवर पट्टीनें ओझें खालीं पडूं द्यावयाचें नसतें. पाण्यांत तिनें तें मानेकडे चढूं द्यावयाचें नसतें. कासोट्याचा तुकडा मुख्यतः या दुसऱ्या कामासाठीं आहे, आणि उगाच लोंबतो म्हणून तो काढून टाकणारे बुडी संपतां संपतां डोक्यावर आदळणाऱ्या सिलिंडरबद्दल तक्रार करतात.

आतां धाग्याकडे वळूं. सुताचा धागा ओला असतां कोरड्याहून बळकट होतो, ही त्याची थोरवी. परंतु सततच्या ओलींत तो कुजतो, म्हणून समुद्रांतील त्याचे दिवस केव्हांच संपले. १९३५ सालीं अमेरिकेंत वॉलेस कॅरोदर्स यांच्या हाताखालीं नायलॉन प्रथम तयार झालें. महायुद्धांत रेशीम मिळेनासें झालें तेव्हां हवाई छत्र्यांच्या कामीं तें आलें, आणि पुढें पट्ट्यांच्या जगांतही त्यानें सुताची जागा घेतली. इंग्लंडांत १९४१ सालीं व्हिनफील्ड व डिक्सन या रसायनशास्त्रज्ञांनीं पॉलिएस्टरचा धागा काढला, तोच टेरिलीन. नायलॉनची साडी आणि टेरिलीनचा सदरा ज्यांच्या आठवणींत आहेत त्यांस या दोन धाग्यांचे स्वभाव निराळे सांगावयास नकोत. एक मऊ, ओढलें तर ताण खाणारा, अंगास चिकटणारा. दुसरा इस्त्रीची घडी न सोडणारा, दांडीवर टाकतां टाकतां वाळणारा. पट्टींतही त्यांचे स्वभाव तेच राहतात. नायलॉन पाणी पितें. पूर्ण भिजलें असतां आपल्या वजनाच्या शेंकडा आठ-नऊ इतकें पाणी तें धाग्यांत मुरवून घेतें, मऊ पडतें, आणि पट्टी जराशी सैल होते. ओलेपणीं त्याचें बळही थोडें घटतें, परंतु वरील हिशेब पाहतां त्याची चिंता नको. टेरिलीन शेंकडा एकही पाणी घेत नाहीं. तें कोरडें जसें, ओलें तसेंच. उन्हांतही तें नायलॉनहून अधिक टिकतें.

तिसरा धागा पॉलिप्रॉपिलीनचा. इटलींत १९५४ सालीं ज्यूलिओ नाट्टा यांनीं या द्रव्याची उपयुक्त जात सिद्ध केली. तें पाण्याहून हलकें, पाणी मुळींच न पिणारें, आणि स्वस्त. म्हणून पिशव्या, दप्तरें, कुत्र्यांचे पट्टे यांत सर्वत्र तेंच दिसतें. मात्र त्यांत निराळें औषध मिसळलें नसेल तर उन्हानें तें लवकर जर्जर होतें, सततच्या ताणाखालीं हळूहळू लांबत जातें, आणि त्याचा पृष्ठभाग निसरडा असतो. तें तरंगतें हा दोष म्हणावा तर तसा क्षुल्लक आहे. सगळी पट्टी मिळून त्याची उचल कांहीं ग्रॅमांपलीकडे जात नाहीं. परंतु ओळख पटविण्यास त्या गुणाइतकी सोपी खूण दुसरी नाहीं. पट्टीचा बोटभर तुकडा साबणाच्या पाण्यांत चोळून बुडबुडे काढावे आणि वाटींत टाकावा. तरंगला तर बुडीच्या कामीं तो बाद. बुडाला तर नायलॉन किंवा टेरिलीन. मग रात्रभर भिजत ठेवून सकाळीं कोरड्या तुकड्याशेजारीं दाबून पाहावा. जो लक्षांत येण्याइतका मऊ पडला तो बहुधा नायलॉनचा.

एवढें झाल्यावर आमचे चिरंजीव म्हणाले कीं मग मोटारींतील सुरक्षापट्टा काय वाईट? टेरिलीनचा, अपघाताचा धक्का सोसण्याइतका मजबूत, आणि भंगाराच्या बाजारांत अल्प किंमतींत मिळणारा. युक्तिवाद आम्हांस पटला; आम्हीं तसा एक पट्टा आणविलाही. चौकटींत ओंवला आणि कडी बोटानें ढकलली, तर ती लोण्यांतून सुरी जावी तशी गेली. मग उलगडा झाला. मोटारींतला पट्टा फिरकीवर गुंडाळला जावा, कडींतून अडथळ्यावांचून ओढला जावा, यासाठींच मुद्दाम पातळ, मऊ व गुळगुळीत विणलेला असतो. धागा उत्तम, बळ उत्तम, आणि तरीही वहिनींच्या भाषेंत ती नाडीच. त्या दिवशीं आम्हीं धाग्याचा नाद सोडला व विणीकडे लक्ष दिलें.

बुडीच्या हार्नेसची पट्टी ताठ हवी. तिची वीण दाट, अंग भरीव आणि पृष्ठभाग किंचित् खरखरीत असावा. वीतभर पट्टी एका टोंकास धरून आडवी केली असतां तिनें मान टाकतां कामा नये. तिला मुठींत दाबून सोडली तर ती आपण होऊन सरळ झाली पाहिजे. अशी पट्टी चौकटीच्या दांड्यांवरून वळतांना विरोध करते, आणि तो विरोधच कडीस जागीं ठेवतो. ताठपणाचा दुसराही उपयोग नातीनें दाखविला: खांद्याचा वेढा उभा, उघडा राहतो, त्यामुळें हात घालतांना पट्टा चांचपत बसावें लागत नाहीं, मऊ पट्टी सिलिंडराच्या बाजूस लुळी पडून राहते आणि डोलणाऱ्या होडींत ती शोधतांना मनुष्य कासावीस होतो. परंतु ताठपणासही मर्यादा आहे. फार जाड पट्टी चौकटींतून जातच नाहीं, आणि काठीसारखी पट्टी मानेजवळ व काखेंत कांतडी सोलते. पाण्याच्या पोशाखावरून घालणाऱ्यास तें जाणवणार नाहीं. आपल्याकडील उबदार समुद्रांत पातळ सदऱ्यावर हार्नेस चढविणाऱ्यास तें दुसऱ्याच दिवशीं जाणवेल. यास्तव पट्टी विकत घेतांना आपल्या कड्या व चौकटी खिशांत घालून न्याव्या, तेथेंच ओंवून पाहाव्या. आंगठ्यानें जोर केला तर चौकट सरकावी, एका बोटानें सरकूं नये. कोरडी असतां जी सहज सरकते ती ओली झाल्यावर पाहावयासच नको. नायलॉन कीं टेरिलीन, हा निर्णय यानंतरचा. ताठ विणीचें टेरिलीन मिळालें तर आम्ही तें पसंत करूं. बाजारांत या कामासाठीं म्हणून मिळणारी ताठ पट्टी पुष्कळ ठिकाणीं नायलॉनचीच असते, आणि तिच्यावर जगभर पाणबुडे निर्धास्त बुड्या मारीत आहेत.

पट्टीच्या कडाही पाहून घ्याव्या. जुन्या धोट्याच्या मागावर विणलेल्या पट्टीच्या दोन्ही कडा सारख्या असतात. हल्लींच्या सुईच्या मागावर एका कडेस साखळीसारखे टांके पडतात. तो धागा कोठें कापला गेला तर तेवढी कड उसवूं शकते. म्हणून सुईच्या मागाची पट्टी वाईट असें नव्हे, परंतु पत्र्याच्या खांचा तीक्ष्ण असतां कामा नयेत. येथें वहिनींची युक्ति आम्हांस फार आवडली. खांचेच्या कडेवरून कापसाचा बोळा फिरवावा. तंतु अडकले तर धार आहे असें समजावें व कानशीनें ती मोडावी. आमच्या पत्र्यास दोन ठिकाणीं तंतु अडकले.

एका गोष्टीविषयीं लिहितांना मन जरा कचरतें, परंतु ती टाळतां येत नाहीं. सलग पट्टीच्या हार्नेसास खांद्यावर उघडण्याची सोय नसते. शुद्धीवर असलेला माणूस बक्कल सोडून हात काढून घेईल. बेशुद्ध माणसास बाहेर काढावयाचें तर होडीवरच्यांस खांद्याचा पट्टा कापावा लागतो. कांहीं लोक याच कारणानें खांद्यावर सुटणारें बक्कल असलेला हार्नेस पत्करतात, आणि त्यांस कोणी हंसूं नये. ज्यांस सलग पट्टीच हवी त्यांनीं उरलेल्या तुकड्यावर आपला चाकू किंवा कात्री एकदां चालवून पाहावी, आणि तीही तुकडा भिजवून. नातीच्या कमरेस असलेला सुबक चाकू ताठ नायलॉनवर नुसता घसरत राहिला. दांतेरी पात्याच्या मोठ्या कात्रीनें तीच पट्टी तीन दाबांत कापली. ती कात्री आतां होडींत हातासरशी ठेवलेली असते.

लांबीचें मोजमाप असें. मुख्य पट्टीस साधारण बारा फूट पुरतात. अंगानें भरलेल्या माणसानें चौदा घ्यावे. परंतु आणल्याबरोबर कापण्याची घाई करूं नये. नवी सुती नवार भिजून आटते, म्हणून ती आधीं भिजवून वाळवून मग पलंगास विणावी, असा वहिनींच्या माहेरचा नियम. नायलॉन आटत नाहीं, सैलावतें, तरी नियम तोच उपयोगी पडला. पट्टी रात्रभर भिजवून ओलीच अंगावर बसवावी. खांद्याच्या पट्ट्याखालीं हाताचा पंजा मोकळा शिरावा. दोन्ही हात पाठीमागें नेऊन सिलिंडरचा झडपखटका हातास लागतो कीं नाहीं तें पाहावें; हात पोंचत नसेल तर पट्टे सैल नसून पत्रा खालीं लोंबतो आहे असेंही असूं शकेल. मग कड्यांच्या जागा खडूनें आंखून एक-दोन बुड्या उथळ पाण्यांत माराव्या, आणि आंखलेल्या रेघेपासून कडी किती हलली तें होडींत आल्यावर मोजावें. हलली नसेल तरच कात्री लावावी. टोंक तिरपें कापलें तर तें चौकटींत सहज ओंवतां येतें. तें ज्योतीवर धरून वितळवून बंद करावें, मात्र वितळलेला गोळा गार झाल्यावर कांचेसारखा टोंचतो, म्हणून तो ऊन असतांनाच चपट्या लोखंडानें दाबून बसवावा. हें काम मुलांच्या हातीं देऊं नये. वितळलेलें नायलॉन बोटास चिकटलें कीं निघत नाहीं, हें आमच्या चिरंजीवांस अनुभवानें समजलें. पट्ट्याचें लोंबतें टोंक सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या कड्यांत खोंवून ठेवावें.

निगा फारशी नाहीं. बुडी झाल्यावर गोड्या पाण्यांत खळबळून सांवलींत वाळत घालावी. मिठाचे कण विणींत राहिले तर ते धागा आंतून घांसतात. डाग काढण्याची पांढरी भुकटी किंवा द्रावण नायलॉनच्या जवळही नेऊं नये. हंगामाच्या आरंभीं, म्हणजे आपल्याकडे पाऊस संपल्यावर, सगळी पट्टी बोटांतून फिरवावी आणि खांचेपाशीं व चौकटीखालीं लव निघाली आहे कीं काय तें पाहावें. मुख्य म्हणजे ती अजून ताठ आहे ना हें पाहावें. बळ पुष्कळ शिल्लक असूनही पट्टी लुळी झाली असेल तर तिचें काम संपलें. आणि सगळ्या सामानांत हीच वस्तु सर्वांत स्वस्त असल्यामुळें तिच्यापाशीं लोभ धरण्याचें कारण नाहीं.

नवी पट्टी आली ती काळी, ताठ, नायलॉनची. वहिनींनीं ती ओटीवर बसून स्वतः ओंवली. चौकटीचा तिसरा वळसा नातीचा चुकला होता तो त्यांनीं उसवून पुन्हां घालावयास लाविला. फाल्गुनांत मुलगी पुन्हां मालवणास गेली. मालवणचें सागरी अभयारण्य १९८७ सालीं जाहीर झालें; त्याच्या परिसरांतील प्रवाळांची ती टिपणें करीत आहे. चार बुड्या झाल्यावर तिनें घरीं कळविलें कीं डाव्या कमरेची कडी खडूच्या रेघेवरच आहे. रेघ मात्र पुसट झाली, तेव्हां पुढच्या वेळीं खडूऐवजीं पांढऱ्या दोऱ्याचा एक टांका खुणेपुरता घालून देतां का, असें तिनें आजीस विचारलें आहे. उरलेला दीड हात तुकडा वहिनींनीं मागून घेतला. माजघरांतील झोपाळ्याची कडी आढ्याच्या हुकांत कुरकुरत असे. तेथें त्याची दुहेरी घडी बसविली आहे.